तुझ्या हाताखाली काय?

"मग चूक कुणाची म्हणायची, आप्पा?"

आप्पांनी मान वर केली नाही. बांबूची एक कांबट ते बोटांनी चाचपत होते. कुठं कुसळ राहिलंय का, ते बघत होते.

"वर तीन बायका होत्या," दिगंबर म्हणाला. "तिघींना डोळे होते. आणि त्यांच्या देखत एक चांगली धडधाकट बाई रक्त जाऊन मेली. मी खाली पेशंट तपासत होतो. मला कसं कळणार?"

आप्पांनी कांबट फिरवली आणि दुसऱ्या अंगानं चाचपायला सुरुवात केली.

"आप्पा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतूय की."

गावाबाहेरच्या टेकाडावर बिरोबाचं देऊळ आहे. त्याच्या ओवरीत बिरूआप्पा गेली पन्नास वर्षं मोडलेली हाडं बसवत आले होते. जातीचे धनगर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण चार तालुक्यांतली माणसं मोडका हात, मोडका पाय घेऊन या टेकाडावर चढत. कुणाचं काही भांडण मिटत नसलं तरी चढत. आप्पा एकदा बोलले की गावात त्याच्यापुढं कुणी बोलत नसे.

डॉक्टर दिगंबर लोखंडे याच गावच्या मास्तरांचा मुलगा. शाळेत असताना सुट्टीत तो इथं पाणी भरायचा, पट्ट्या फाडून द्यायचा. हाड जुळतं, हे त्यानं पहिल्यांदा इथं पाहिलं. पुढं तो बाळंतपणाचा डॉक्टर झाला, तालुक्याला त्याचा दवाखाना झाला. पण गुरू कोण म्हणून कुणी विचारलं की तो मेडिकल कॉलेजातल्या कुणाचं नाव घेत नसे. आप्पांचं घ्यायचा.

आज तो गुरूला भेटायला आला नव्हता. त्याचं काम होतं.

नऊ दिवसांपूर्वी त्याच्या दवाखान्यात सारिका नावाची चोवीस वर्षांची बाळंतीण दगावली. ती याच गावची सून. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काचा फुटल्या, तेव्हापासून कुलूप होतं. उद्या चौकशी समितीसमोर दिगंबरला लेखी जबाब द्यायचा होता. आणि आज चार वाजता सारिकाच्या सासरची माणसं आप्पांकडं येणार होती. त्यांना आप्पांच्याच तोंडून ऐकायचं होतं, आपल्या सुनेला काय झालं ते.

"जबाब लिहिलाय मी," दिगंबर म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"वाच."

"रुग्णाला जास्त रक्तस्राव होत असल्याची कोणतीही माहिती कामावर असलेल्या परिचारिका सुलभा गायधनी यांनी मला दिली नाही. सबब..."

"रुग्ण मंजे सारिका?"

"हो."

"मग नाव घे की तिचं."

कागदावर तिचं नाव एकदाच होतं, अगदी वर, तारखेशेजारी.

"खोटं हाय का ह्यात काय?" आप्पांनी विचारलं.

"एक अक्षर खोटं नाही."

"मग माझ्याकडं कशापायी आलास?"

"त्यांना कागद पटणार नाही. तुम्ही सांगितलंत तर पटेल."

आप्पांनी कांबट बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"त्या सिस्टरचं काय हुईल?"

"...तिचं रजिस्ट्रेशन जाईल. कदाचित अटक होईल."

"हं."

"मी काय करू, आप्पा? माझ्याकडं अकरा माणसं आहेत. एकीच्या चुकीपायी सगळ्यांनी बुडायचं? आणि उद्या माझा दवाखाना कायमचा बंद पडला, तर या भागातल्या बायांनी जायचं कुठं?"

येसाबाई चहा घेऊन आल्या. आप्पांची विधवा सून. पन्नाशीची, काटक बाई, सासऱ्याच्या हाताखाली तीस वर्षं काम केलेली.

"घ्या डॉक्टर भावजी. आमच्या कपाला दांडी न्हाय, तेवढं चालवून घ्या."

"वहिनी, मी काय परका आहे?"

"आता चार वर्सांनी आलासा. परकं का आपलं ते इचारून घ्यावं लागतंय."

कोपऱ्यात ज्ञानू कुंभार पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत बसला होता. आप्पांचा हा तिसरा माणूस. तो तोंडातल्या तोंडात हसला.

दिगंबरनं चहा घेतला, पण प्याला नाही. कप हातात धरून तो बोलत राहिला. आपला दवाखाना कसा होता ते आप्पांना कळायला हवं, असं त्याला फार वाटत होतं.

"जिल्ह्यातले डॉक्टर बघायला यायचे, आप्पा. माझ्याकडं गोंधळ नाही. आरडाओरड नाही. प्रत्येकाला आपलं काम नेमून दिलेलं. जो तो आपल्या कामावर लक्ष ठेवतो, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. भिंतीवर पाटी लावलीय तशी. आणि स्वच्छता... बाळंतिणीच्या खोलीत तुम्हाला मळकं कापड दिसायचं नाही. बदललं की लगेच झाकणाच्या बादलीत. पाच मिनिटांत बादली खाली धुण्याला."

"झ्याक," आप्पा म्हणाले.

"मग सांगा, यात माझं कुठं चुकलं?"

"रगत कुठं गेलं?"

"काय?"

"बाईच्या अंगातनं निघालं. मग गेलं कुठं?"

"...कापडात. कापड बादलीत."

"पैलं कापड कुणी बदललं?"

"हौसाबाईनं. आया आहे. दोन वाजता तिची सुट्टी झाली."

"दुसरं?"

"दुपारच्या आयानं."

"तिसरं?"

"सुलभानं. सिस्टरनं."

"मंजे एकेकीनं एकेक कापड बघितलं."

"हो. म्हणून तर मी म्हणतो..."

"आन् समदं रगत कुणी बघितलं?"

दिगंबरनं कप खाली ठेवला.

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलानं नाही. त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"धुणं धुणाऱ्या बाईनं," तो म्हणाला. "खाली. मोरीत."

"ती कुणाला बोलली का?"

"...तिला वर यायला परवानगी नव्हती."

खाली शेतात कुणीतरी मोटर बंद केली. तिचा आवाज थांबल्यावरच कळलं की ती इतका वेळ चालू होती.

दिगंबरला वाटलं, आता ते काही तरी म्हणतील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तेवढ्यात टेकाडाखाली टेंपो थांबला. चार माणसं बाजेवर एकाला घालून वर चढू लागली. पुढं चालणारा घामानं निथळत होता. त्यानं लांबूनच हाक दिली.

"आप्पा, सोपाना पडलाय. चिंच झोडत हुता. वरच्या फांदीवनं पडला."

सोपान तिशीचा गडी. दात ओठात रुतलेले. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. बाज खाली ठेवली तेव्हा तो ओरडला नाही, नुसता श्वास ओढला.

आप्पा उठले. तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. येसाबाईंनी धुतले, ज्ञानूनं धुतले.

"दिगू, ये. टाच धर."

"आप्पा, मी... हाडं हा माझा विषय नाही."

"टाच हाय ती. इषय न्हाय."

ज्ञानू परत हसला. "डॉक्टरच्या हाताला टाच धरायची सवं राहिली न्हाय, आप्पा. त्यास्नी डोकं धरायची सवं. पोरांची डोकी बाहीर काढत्यात."

दिगंबरनं बाह्या सरसावल्या. हात धुतले. बाजेच्या पायथ्याशी मांडी घालून बसला. लहानपणी शिकलेलं हाताला अजून आठवत होतं. डावा तळवा टाचेखाली, उजवा पावलावर. घट्ट, पण दाबायचं नाही.

येसाबाईंनी गुडघा धरला. ज्ञानूनं कांबट्या मांडल्या. आप्पा मोडल्या जागेच्या दोन्ही अंगांना हात ठेवून बसले.

मग त्यांनी डोळे मिटले.

ही त्यांची रीत होती. पाय ओढण्याआधी आप्पा डोळे मिटत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. तुझ्या हाताखाली काय? ज्याचा हात जिथं असेल त्यानं तिथलं सांगायचं. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय आप्पा ओढत नसत. आणि कुणीही "थांबा" म्हटलं की थांबत. कारण नंतर विचारत.

दिगंबरच्या अंगठ्याला टाच गार लागत होती.

सावलीतल्या दगडासारखी गार नव्हे. वेगळी. बाहेर उन्हाचा तडाखा होता, माणूस घामानं भिजलेला होता आणि पाऊल गार होतं.

याचा अर्थ काय असू शकतो ते त्याला माहीत होतं. कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. पण आप्पांनी हजार पाय बसवले होते. हे त्यांचं ठिकाण, त्यांचं काम. आपण बाळंतपणाचे डॉक्टर. आणि आपल्याला धरायला सांगितलंय...

शिवाय त्याचं अर्धं मन चार वाजण्याकडं होतं.

"ज्ञानू?"

"पट्ट्या भिजल्यात. कांबट्या चार. एक आखूड पडंल असं वाटतंय."

"बदल. येसा?"

"गुडघ्याखालनं सूज हाय. आल्यापास्नं चढली."

"दिगू. तुझ्या हाताखाली काय?"

"धरलंय, आप्पा."

आप्पा थांबले. डोळे मिटलेलेच.

"घट्ट धरलंय," दिगंबर म्हणाला.

आप्पांनी खांदे सैल केले. पुढं झुकले. त्यांच्या मनगटाच्या शिरा ताठ झालेल्या दिगंबरला दिसल्या.

येसाबाईंनी एक हात गुडघ्यावरून काढला, दिगंबरच्या हातावरून पुढं नेला आणि सोपानच्या पायाच्या बोटांना लावला.

"आप्पा, थांबा."

तापल्या तव्यावरून उचलावेत तसे आप्पांचे हात वर आले.

"पाय गार हाय," येसाबाई म्हणाल्या. "बोटं पांढरी पडल्यात."

आप्पांनी डोळे उघडले. पालथा हात पावलाला लावून पाहिला. मग दुसऱ्या पावलाला. मग पुन्हा पहिल्याला.

"पडून किती येळ झाला?"

"दोन तास झालं आसतील," बाजेजवळचा माणूस म्हणाला. तो सोपानचा भाऊ होता.

"हे माझं काम न्हाय. शीर दबलीया. जिल्ह्याला न्या, आत्ताच्या आत्ता."

आता मात्र दिगंबर उठला. आता त्याला काय करायचं ते सगळं येत होतं. त्यानं ड्रायव्हरला हाक मारली, आपली गाडी दिली, मागची सीट पाडायला लावली. जिल्ह्याच्या सर्जनला फोन केला, रक्तवाहिनीचा मामला आहे म्हणून सांगितलं. ज्ञानूनं पाय हलू नये एवढ्यापुरत्या दोन कांबट्या सैल बांधल्या. सोपानला गाडीत घातलं.

"पाय ऱ्हाईल न्हवं, डॉक्टर?" भावानं विचारलं.

"लवकर पोचा," दिगंबर म्हणाला.

गाडी धुरळा उडवत गेली. ती वळणाआड गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आता चार वाजायच्या आत आपल्याला इथून जाता येणार नाही.

तो ओवरीत परत आला. येसाबाई न वापरलेल्या ओल्या पट्ट्या पिळत होत्या. ज्ञानू आखूड कांबटीकडं बघत बसला होता. आप्पा मघाच्याच जागी, बाज नसलेल्या मोकळ्या जमिनीसमोर.

"तुला कवा कळलं?" आप्पांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्यामुळं खोटं बोलायला जागा उरली नाही.

"टाच धरली तेव्हाच."

येसाबाईंचे हात पट्टी पिळता पिळता थांबले.

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

"हं."

"आणि... तुम्ही मला धरायला सांगितलं होतं."

"आन् मी म्हनलं, डॉक्टरच बसलाय पायापाशी, त्यो बघत आसल," ज्ञानू म्हणाला. तो हसायच्या सुरात बोलला होता. पण कुणी हसलं नाही आणि त्यानं मान खाली घातली.

"मी वढला आसता तर?"

दिगंबरनं ओठ ओले केले. "पाय गेला असता. कदाचित जीवही."

"जबाब कुणाच्या नावचा लिवला आसता?"

येसाबाईंनी पट्टी दोरीवर वाळत टाकली. मग दुसरी. मग तिसरी. दिगंबर त्या पट्ट्यांकडं बघत होता. एका ओळीत, उन्हात, सगळ्यांना दिसतील अशा.

"ती आली होती, आप्पा."

"कोन?"

"सुलभा. चार वाजता. माझ्या खोलीच्या दारात."

दिगंबरनं दोरीवरच्या पट्ट्यांवरून नजर काढली.

"पेशंटची गर्दी होती. साठएक बायका बाहेर बसलेल्या. माझा नियम आहे, मी तपासत असताना आत यायचं नाही. अगदी निकडीचं असेल तर घंटी आहे."

"मग घंटी का न्हाय वाजवली तिनं?"

"महिन्यापूर्वी वाजवली होती. मी धावत वर गेलो तर विशेष काही नव्हतं. एका बाईला चक्कर आली होती एवढंच. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. आयांसमोर, नातेवाइकांसमोर. म्हटलं, पुन्हा अशी घंटी वाजवलीस तर घरी बस."

"हं."

"त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. मी मान वर केली. तिनं तोंड उघडलं, आणि मी..."

"तू काय?"

दिगंबरनं उजवा हात उचलला. तळवा समोर. थांब, म्हणून करतात तसा.

"ती एक शब्दही बोलली नाही, आप्पा. मी पुढच्या पेशंटला बोलावलं. नंतर बघितलं तर दार मोकळं होतं."

"किती येळ उभी हुती?"

"माहीत नाही."

"तुझ्याच दारात हुती न्हवं?"

"माझं लक्ष कामात होतं."

"तुझं ध्यान पयल्यापास्नंच लई," आप्पा मऊपणानं म्हणाले. "पट्ट्या फाडाय बसलास तर सांज झाल्याली कळायची न्हाय तुला."

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. मघाचा कागद अजून त्याच्या डाव्या हातात होता, घामानं मऊ पडलेला.

"पावणेसहाला मी वर गेलो. तेव्हा ती बाजेशी... सारिकाच्या पलंगाशी उभी होती. दोन्ही हातांनी तिचं पोट चोळत होती. अर्ध्या तासापासून चोळत होती म्हणे, एकटी. गर्भपिशवी आवळावी म्हणून. तेच करायचं असतं. माझ्याकडं बघितलं, पण हात थांबवले नाहीत."

"काय बोलली?"

"सर, मी आले होते. एवढंच."

"आन् हे कागदात कुठं हाय?"

"कागदात आहे की तिनं मला माहिती दिली नाही." दिगंबर कागदाकडं बघत म्हणाला. "एक अक्षर खोटं नाही, आप्पा."

या वेळी ते वाक्य त्याच्या तोंडून वेगळंच आलं. त्याला स्वतःलाही ते ऐकवेना.

ज्ञानू उठून देवळाच्या मागं निघून गेला.

खालून पायऱ्यांवर पावलं वाजली. माणसं येत होती. सहा-सात जण असतील. पुढं सारिकाचा नवरा बापू, डोक्याचे केस काढलेले, वर आलेले खुंट. मागं चुलते, दीर. शेवटी सासू इठाबाई, छातीशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं नऊ दिवसांचं मूल. पोरगी होती.

दिगंबरला बघून बापू जागच्या जागी थांबला. चुलत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली बसवलं. येसाबाईंनी पाण्याचा तांब्या फिरवला. कुणी प्यालं, कुणी नुसता पुढं सरकवला.

इठाबाई आप्पांच्या समोर बसल्या. दिगंबरकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"आप्पा, आमी भांडाय आलू न्हाय. काचा फोडल्या ते पोरांनी फोडल्या, ते बी वंगाळच झालं. मला एवढंच सांगा..." त्यांनी मूल एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "माझी सून चालत गेली. गाडीत बसताना मला म्हनली, आत्या, म्हशीला पेंड भिजवून ठिवा, दोन दिसांत येतेच मी. दुपारी मला फोन बी आला तिचा. म्हनली, पोरगी तुमच्यावानी हाय, नाक फेंदारं. हसत हुती वं. आन् सांजच्याला तुमी तिला न्यायला या म्हनून सांगत्यात. मधी काय झालं? कुनी सांगंना आमाला. कुनी म्हनतंय नशीब, कुनी म्हनतंय सिस्टर. काय झालं तिला, आप्पा?"

मूल कुरकुरलं. इठाबाईंनी आपलं बोट त्याच्या ओठाला लावलं. ते चोखू लागलं आणि त्यात काही नाही असं कळून रडू लागलं. येसाबाई उठल्या, मूल उचलून घेतलं आणि खांद्यावर टाकून ओवरीच्या कडेकडेनं फिरू लागल्या.

सगळे आप्पांकडं बघत होते.

आप्पा आपल्या हातांकडं बघत होते. म्हातारे, शिरा वर आलेले हात. मघाशी सोपानच्या पायावरून उचललेले.

दिगंबर सरकून त्यांच्या जवळ गेला. इतका, की त्यांच्या घोंगडीचा वास त्याला आला. हळू आवाजात म्हणाला,

"आप्पा, मी कागद बदलतो. सिस्टरचं नाव काढतो. पण ह्यांना तुम्ही सांगा. माझी चूक झाली असंच सांगा. वाटेल ते सांगा. माझ्याच्यानं होणार नाही... तुम्ही सांगितलंत की ते ऐकून घेतील."

आप्पांनी त्याच्याकडं मान वळवली. बराच वेळ बघितलं. लहानपणी पाणी सांडलं तर बघायचे तसंच. रागानं नाही.

"आप्पा?" इठाबाई म्हणाल्या. "बोला की काय तरी."

आप्पांनी दिगंबरवरून नजर काढली नाही.

"मला काय इचारतीस, इठाबाई," ते म्हणाले. "ती सिस्टर माझ्या दारात न्हवती आली."